एक प्रशिक्षण, दोन साहेब: ब्रिटिश ‘ऑफिस’ पाहावं की अमेरिकन?

‘द ऑफिस’ बघायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कुठलं? ब्रिटिश मालिका सगळी मिळून 14 भागांची आहे, अमेरिकन 201 भागांची. पहिली दोन शनिवार-रविवारांत आटोपते. दुसरी संपवायला लोक वर्ष घालवतात आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून लावतात. बहुतेक जण निवड करायची म्हणून दोन्हींचा पहिला भाग पाहतात आणि तिथेच गफलत होते, कारण अमेरिकन मालिकेचा पहिला भाग ब्रिटिश पहिल्या भागाच्याच संहितेवर बेतलाय. जेलीत बुडवलेला स्टेपलर, रिसेप्शनवरच्या मुलीला कामावरून काढल्याचं खोटं नाटक, कर्मचारीकपातीची कुजबुज, सगळं तेच. त्यातून फार तर कुठला नट आवडला एवढं कळतं. मालिकेचा स्वभाव कळत नाही.

त्यापेक्षा हे दोन भाग घ्या: ब्रिटिश मालिकेच्या पहिल्या सीझनचा चौथा, ‘ट्रेनिंग’, आणि अमेरिकन मालिकेचा दुसरा, ‘डायव्हर्सिटी डे’. पहिला जुलै 2001 मध्ये बीबीसी टू वर दाखवला गेला, दुसरा मार्च 2005 मध्ये एनबीसीवर. दोन्हींत घडतं ते जवळपास एकच. ऑफिसात बाहेरून प्रशिक्षक येतो, आणि साहेब त्याला प्रशिक्षण देऊ देत नाही. एकच प्रसंग दोन देशांच्या हातात पडल्यावर काय काय होतं ते इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

माझा कौल आधीच सांगून टाकते. एकच मालिका बघायची असेल तर ब्रिटिश. पण रोज रात्री जेवताना लावायला काहीतरी हवंय, असं कुणी म्हणालं तर मी बरोबर उलट सांगते. का, ते पुढे येईलच. पुढे या दोन भागांचे शेवटही सांगितले आहेत, मालिकांचे नाहीत.

स्लाऊ आणि स्क्रँटन

ब्रिटिश मालिका रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या जोडीनं लिहिली आणि दिग्दर्शितही केली. वर्नम हॉग ही कागद विकणारी कंपनी, तिची स्लाऊ शाखा, शाखेचा मॅनेजर डेव्हिड ब्रेंट (हा स्वतः जर्व्हेस), आणि या ऑफिसवर माहितीपट काढायला आलेला कॅमेरा. 2001 मध्ये सहा भाग आले, 2002 मध्ये आणखी सहा आणि 2003 च्या नाताळात दोन लांब भाग. मालिका ऐन भरात असताना दोघांनी दुकान बंद केलं. 2004 च्या गोल्डन ग्लोबमध्ये तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं पारितोषिक मिळालं आणि जर्व्हेसला अभिनयाचं.

स्लाऊ हे लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळचं कारखान्यांचं गाव. मोठी औद्योगिक वसाहत, 1932 पासून तिथे असलेला मार्स चॉकलेटचा कारखाना, आणि भरपूर दक्षिण आशियाई वस्ती. आयटीच्या नोकरीपायी त्या पट्ट्यात राहिलेल्या मराठी मंडळींना स्लाऊ चांगलं ठाऊक असतं, निदान गाडी बदलायचं स्टेशन म्हणून तरी. जॉन बेट्जमन या कवीनं 1937 मध्ये या गावावर बाँब पडू देत अशी कविता लिहिली होती. मालिकेत एका ठिकाणी ब्रेंट ती कविता हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर बसतो आणि नगररचनेचे प्रश्न बाँब टाकून सुटत नसतात, असं कवीला गंभीरपणे समजावतो. ब्रेंटची सगळी जातकुळी त्या एका दृश्यात आहे.

अमेरिकन मालिका ग्रेग डॅनियल्सनं उभी केली. पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन हे जुनं कोळशाचं शहर, डंडर मिफ्लिन ही कागदकंपनी, मायकेल स्कॉट हा मॅनेजर (स्टीव्ह करेल). 2005 ते 2013, नऊ सीझन. जर्व्हेस आणि मर्चंट तिथेही निर्मात्यांत होते. दोघांनी मिळून बारा-चौदा भाग लिहिणं आणि लेखकांच्या अख्ख्या ताफ्यानं वर्षाला वीस-पंचवीस भाग काढणं, हा फरक लक्षात ठेवा. पुढचे निम्मे फरक त्यातूनच निघतात.

‘ट्रेनिंग’मध्ये काय होतं

रोवन नावाचा प्रशिक्षक येतो. ग्राहकांशी कसं वागावं, याचं एक दिवसाचं शिबिर. कुठलाही प्रसंग घडलेला नाही, कुणाची तक्रार नाही. वर्षातून एकदा हे उरकायचं असतं म्हणून उरकायचं. रोवन सज्जन आहे, थोडा कंटाळवाणा आहे आणि त्याच्याकडे एक जुनाट व्हिडिओ आहे. त्या व्हिडिओत पीटर पर्व्ह्स दिसतो. ब्रिटिश प्रेक्षकांच्या एका पिढीला हा चेहरा लहान मुलांच्या एका कार्यक्रमातून घरचा झालेला, तेव्हा त्यांना तिथेच हसू फुटतं. आपल्याला फक्त एक ओशाळवाणा कॉर्पोरेट व्हिडिओ दिसतो, आणि तेवढंही पुरतं.

ब्रेंट मॅनेजर असूनही प्रशिक्षणार्थींमध्ये बसलाय. म्हणजे शरीरानं बसलाय. रोवननं वाक्य सुरू केलं की ब्रेंट ते पुरं करतो, चुकीचं. रोवननं प्रश्न विचारला की उत्तर ब्रेंटचंच. हॉटेलात ग्राहकाची तक्रार कशी हाताळावी याचं सोंग वठवायची वेळ येते, तर ब्रेंट एकदम ओरडून वर बलात्कार झालाय असं म्हणतो. सगळी खोली थिजते. मग तो वळून खुलासा करतो की, बघा, लक्ष वेधून घेतलं की नाही. रोवन जे चेहऱ्यावर आणतो त्याला हसू म्हणवत नाही, पण नोकरीचा भाग म्हणून ते त्याला आणावंच लागतं. गणपतीच्या मंडपात हातात आलेला माइक पुढच्याला द्यायचं नाव न काढणारा कार्यकर्ता आठवा. फरक एवढाच की तिथे निदान उठून घरी जाता येतं.

मधेच कोल्हा, कोंबडी आणि धान्य घेऊन नदी ओलांडायचं कोडं निघतं. गॅरेथ (मॅकेन्झी क्रूक) हा ब्रेंटचा उजवा हात, सुटीच्या दिवशी हौशी सैनिक. तो कोडं सोडवण्याऐवजी शेतकरी मुळात कोल्हा घेऊन फिरतोच कशाला, यावर अडून बसतो. नंतर प्रत्येकाला आपली सर्वांत मोठी इच्छा विचारली जाते तेव्हा गॅरेथ जे सांगतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यावर ऑफिसातला विक्रेता टिम यानं (मार्टिन फ्रीमन, पुढे ‘शेरलॉक’मधला वॉटसन) मारलेला टोमणा मात्र ऐकाच.

आणि मग गिटार. आपला एके काळी बँड होता, आणि आता नावाजलेला टेक्सास हा स्कॉटिश बँड तेव्हा आपल्या आधी वाजवायचा, असं ब्रेंट सांगू लागतो. सांगता सांगता तो नाहीसा होतो. गिटार आणायला तो घरी गेलाय. कामाच्या दिवशी, चालू शिबिरातून, साहेब गिटार आणायला घरी गेलाय! परत येतो आणि गातो. एक गाणं, मग आणखी एक, मग राजकुमारी डायनावरचं. गॅरेथ मधेमधे साथ देतो. या दृश्यातली खरी कमाल अशी की ब्रेंट वाईट गात नाही. तो बऱ्यापैकी गातो. अगदीच बेसूर असता तर आपण मोकळेपणानं हसून सुटलो असतो. हा माणूस पंचविशीत कुठल्यातरी पबमध्ये असाच गायला असेल, तेव्हा पाचपन्नास जणांनी टाळ्याही वाजवल्या असतील, आणि त्यानंतर त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही, हे त्या बऱ्यापैकी गाण्यातून दिसतं. हसता हसता घास अडकावा तसं होतं.

टिम आदल्याच भागात तीस वर्षांचा झालाय. इथे त्याचा संयम संपतो. भर शिबिरात तो नोकरी सोडत असल्याचं सांगतो, पुन्हा विद्यापीठात जाऊन मानसशास्त्र शिकणार म्हणतो आणि उठतो. रिसेप्शनवरची डॉन (ल्युसी डेव्हिस) त्याला आवडते. तिचं तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी, लीशी, सकाळीच वाजलंय. ते तुटलं असं समजून टिम सरळ तिच्यापाशी जातो आणि बाहेर येतेस का, विचारतो. ती अवघडून सांगते की आमचं मिटलंय. टिमला एका क्षणात माघार घ्यायची असते: मी मैत्रीण म्हणूनच विचारत होतो. भाग इथेच संपत येतो.

‘डायव्हर्सिटी डे’मध्ये काय होतं

इथे प्रशिक्षणाला कारण आहे आणि ते कारण म्हणजे मायकेल. कृष्णवर्णीय विनोदवीर ख्रिस रॉकचा एक कार्यक्रम त्यानं ऑफिसात जसाच्या तसा करून दाखवला, तक्रार वरपर्यंत गेली आणि मुख्य कार्यालयानं वंशभेदावरचं शिबिर लावलं. प्रशिक्षक मिस्टर ब्राउन (लॅरी विल्मोर) स्वतः कृष्णवर्णीय. तपकिरी रंगाचं आडनाव असलेला सावळा माणूस म्हणजे आपली परीक्षाच घेतायत, असं मायकेलला वाटतं आणि तो त्या नावानं हाक मारायलाच तयार होत नाही. शिबिर संपताना ब्राउन त्याला एकीकडे घेऊन सांगतो की हे सगळं खरं तर फक्त तुमच्यासाठी होतं, इथे सही करा. मायकेल सही करतो, डॅफी डक म्हणून.

मग चिडून तो स्वतःचं शिबिर भरवतो. प्रत्येकाच्या कपाळावर एकेका वंशाचं किंवा देशाचं कार्ड; स्वतःचं कार्ड कुणाला दिसत नाही; समोरच्यानं त्याच्याशी त्या लोकांबद्दलच्या रूढ कल्पनांनुसार बोलायचं. रिसेप्शनवरची पॅम आणि विक्रेता ड्वाइट यांच्यातला कार्डांचा संवाद हा या भागातला सर्वांत चपखल विनोद आहे. पॅमला असलं काही बोलायचं नाहीये, ड्वाइटला नियम पाळले जावेत असं वाटतंय, आणि शेवटी ती नाइलाजानं गाडी चालवण्यावरून एक क्षीण सूचना देते, तर तो बाई आहे का मी, असं विचारतो.

दरम्यान जिम (जॉन क्रॅसिन्स्की) सबंध दिवस एक फोन पुरा करायला धडपडतोय. जुन्या ग्राहकाचं नूतनीकरण, त्याच्या वर्षभराच्या कमिशनचा पाव हिस्सा. साहेबाच्या थेरांमुळे तो फोन लांबत जातो आणि शेवटी सौदा ड्वाइटच्या पदरात पडतो. जिम दुसऱ्या शिबिराच्या खुर्चीत हताश बसलेला असताना शेजारची पॅम डुलकी लागून त्याच्या खांद्यावर डोकं टेकते. कॅमेऱ्यासमोर तो कबूल करतो की दिवस तसा वाईट नव्हता.

सांत्वन मिळतं की नाही

माझ्या मते निवडीचा सगळा मुद्दा या दोन शेवटांत आहे. दोन्हीकडे एक हुशार, आळसावलेला, प्रेमात पडलेला विक्रेता आहे. दोन्हीकडे साहेबाच्या शिबिरानं त्याचा दिवस नासवलाय. जिमचं नुकसान झालंय, खरं पैशाचं नुकसान, पण त्याच अर्ध्या तासात त्याची भरपाईही झालीय आणि ती आपल्या डोळ्यांसमोर झालीय. आपण हसत उठतो. पुढचा भाग लावतो. टिमला भरपाई नाही. जे जपून ठेवलं होतं ते त्यानं एका फटक्यात पणाला लावलं आणि घालवलं, शिवाय उद्या याच ऑफिसात त्याच बाईसमोर यायचंय.

इथून मागे गेलं की इतर फरक आपोआप सुटत जातात. टिम कॅमेऱ्याकडे पाहतो आणि जिमही पाहतो. दोघांची ती प्रसिद्ध नजर. जिमची नजर म्हणते, पाहिलंत ना? आपण दोघं शहाणे आहोत. टिमची नजर तुम्हाला बाजूला घेत नाही. ती फक्त किती वाजले ते बघते. जिम या ऑफिसात असण्याचं कारण पॅम आहे आणि मालिका ते कारण पुरेसं मानते. टिमच्या बाबतीत ते कारण पुरेसं आहे का, असा प्रश्न मालिका त्यालाच विचारत राहते.

साहेबांचंही तसंच. ब्रेंटला टाळ्या हव्यात. आपल्यावर माहितीपट निघतोय म्हणजे आपण मुळात कलाकार, विचारवंत, लोकांचा लाडका वगैरे आहोत, हे देशाला कळायची संधी आलीय, असं त्याला मनापासून वाटतं. म्हणून शिबिरातही त्याचा एक डोळा कायम कॅमेऱ्यावर असतो. मायकेलला टाळ्या चालतात, पण त्याची खरी भूक वेगळी आहे. त्याला कुणीतरी जवळचं मानावं असं वाटतं. ऑफिस हेच त्याचं कुटुंब. त्यामुळे मायकेल कितीही पातळी सोडून वागला तरी त्याला माफ करायची एक खिडकी लेखकांनी उघडी ठेवलीय. ब्रेंटच्या वेळी ती खिडकी बराच काळ बंद असते. किती काळ, ते सांगणार नाही. पण शेवटी ती उघडते तेव्हा जे होतं त्यासाठीच मी ही मालिका लोकांच्या गळ्यात मारत असते.

एक गोष्ट मायकेलच्या बाजूनं सांगायला हवी. ‘डायव्हर्सिटी डे’मधला मायकेल हा पुढच्या मायकेलपेक्षा बराच कडवट आहे. पहिल्या सीझनचे सहाही भाग ब्रेंटच्या सावलीत लिहिलेले आहेत. दुसऱ्या सीझनपासून लेखकांनी त्याला मुद्दाम मऊ केला, कामात अधूनमधून हुशारही दाखवला. तेव्हा हा भाग पाहून मायकेल सहन झाला नसेल तर अमेरिकन मालिका लगेच रद्द करू नका. दुसऱ्या सीझनपासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.

प्रशिक्षकांची तुलना थोडक्यात: ब्राउनकडे अधिकार आहे, तो वरून पाठवलेला आहे, सही घेतल्याशिवाय जाणार नाही. रोवनकडे फक्त फायली आहेत. ज्यांनी कधी सरकारी किंवा खासगी शिबिरं घेतली आहेत त्यांना रोवन बघवणार नाही. व्हिन्सेंट फ्रँकलिननं हे काम असं केलंय की त्याचा संताप त्याच्या आवाजात येतच नाही, तो मानेत अडकून राहतो.

शांतता आणि मिनिटं

बीबीसीवर जाहिराती नसतात. ब्रिटिश भाग जवळपास अर्ध्या तासाचा असतो. एनबीसीच्या अर्ध्या तासात मालिकेला बावीसेक मिनिटं मिळतात. ही सात-आठ मिनिटं गेली कुठे, तर शांततेत. ब्रेंटनं विनोद केला, कुणी हसलं नाही, आणि कॅमेरा हललाच नाही. फोटोकॉपी मशीनमधून कागद पडतायत, कुणी स्टेपलर दाबतंय, कुणी खिडकीतून बघतंय. दोन्ही मालिकांत हसण्याचा मागून घातलेला आवाज नाही, पण अमेरिकनमध्ये तो नसल्याचं जाणवत नाही, इतका विनोदांचा मारा असतो. ब्रिटिशमध्ये ती रिकामी जागा पदोपदी जाणवते. काहींना ती कंटाळवाणी वाटते. खरं सांगायचं तर पहिले दोन भाग थोडे कंटाळवाणे आहेतच, आणि लोक तिथेच सोडून देतात. म्हणून चौथ्यापासून चाखून बघा म्हणते. आवडला की मागे जाऊन पहिल्यापासून लावा.

रंगही बघण्यासारखे आहेत. स्लाऊचं ऑफिस राखाडी-निळसर, ट्यूबलाइटखाली सगळ्यांचे चेहरे आजारी. सुरुवातीची चाल उदास, चौक आणि बसस्थानक दाखवणारी. स्क्रँटनची चाल उड्या मारत येते.

भाषा, घरातली माणसं आणि ती थप्पड

इंग्रजीची अडचण ब्रिटिश मालिकेत जास्त येते. लोक पुटपुटतात, वाक्यं अर्धी सोडतात, एकमेकांवर बोलतात. सबटायटल लावून बघा, त्यात कमीपणा काही नाही. ब्रेंटची मॅनेजमेंटची पोपटपंची मात्र भारतात कुठल्याही कंपनीत काम केलेल्या माणसाला एका दमात कळते. स्थानिक संदर्भ बरेच आहेत. ते चुकले तरी माणसं कळायची राहत नाहीत. अमेरिकन मालिकेचे उच्चार सोपे आणि विनोद स्पष्ट, पण ‘डायव्हर्सिटी डे’ची गंमत कळायला अमेरिकेत वंशाबद्दल बोलताना लोक किती जपून पावलं टाकतात याची थोडी कल्पना हवी.

घरात सगळ्यांसोबत बघायचं असेल तर ब्रिटिश मालिका जरा विचार करूनच लावा. शिव्या सर्रास आहेत, गॅरेथचं तोंड तर फारच सुटतं, आणि वर सांगितलेला बलात्काराचा विनोद कुणाला विनोद वाटणारच नाही. तो तसा वाटू नये अशीच तिथे योजना आहे, खोलीतलं कुणीही हसत नाही. तरी आईबाबांशेजारी बसून ते सहन होणं कठीण. अमेरिकन मालिका राष्ट्रीय वाहिनीवर दाखवली जायची, त्यामुळे शिव्यांवर शिट्टी असते. पण म्हणून ती निर्धोक नाही. कपाळावरची कार्डं बघताना निम्मी घरं हसतील आणि निम्मी एकमेकांकडे बघतील.

भारतीय प्रेक्षकासाठी ‘डायव्हर्सिटी डे’मध्ये एक खास क्षण आहे. केली कपूर (मिंडी केलिंग) एका मीटिंगमधून उशिरा येते. ती आल्याबरोबर मायकेल भारतीय दुकानदाराची टवाळ नक्कल सुरू करतो, तोच तो अमेरिकन टीव्हीवरचा ठरीव हेल. केली त्याच्या खाडकन थोबाडीत मारते आणि निघून जाते. ना भाषण, ना पार्श्वसंगीत. सगळ्या शिबिरात शिकवता न आलेला धडा तिथे एका सेकंदात होतो, आणि मायकेलच्या डोळ्यांत पाणी येतं तरी त्याला तो कळलेला नसतो. या एका दृश्यापुरता अमेरिकन भाग ब्रिटिश भागाच्या पुढे जातो, हे मान्य करायला मला काही वाटत नाही. स्लाऊसारख्या गावातल्या ऑफिसात ब्रिटिश मालिकेनं दक्षिण आशियाई माणसांना इतकं कडेला ठेवावं, हे आज बघताना खटकतं.

हिंदीतलं ‘द ऑफिस’ 2019 मध्ये हॉटस्टारवर आलं, फरीदाबादच्या विल्किन्स चावला कंपनीतलं. साहेब झालेला मुकुल चड्ढा मेहनत घेतो. पण ती मालिका अमेरिकन वळणानं जाते आणि बरेच प्रसंग तसेच उचलते. भाषेची अडचण असेल तर चालेल. या निवडीत मी तिला धरलेलं नाही.

मग लावायचं काय

तुम्ही ऑफिसात दहा-पंधरा वर्षं काढली असतील, तुमच्या वाट्याला एखादा ब्रेंट आला असेल किंवा कधी मध्यरात्री आपणच ब्रेंट झालोय की काय असं वाटून गेलं असेल, तर ब्रिटिश. पूर्ण गोष्ट आहे, तिला शेवट आहे, आणि वाया गेलेला भाग एकही नाही. नुकतीच नोकरी लागलीय, परगावी एकटे राहताय, घरी आल्यावर माणसांचा आवाज हवाय, तर अमेरिकन. तिचे शेवटचे दोन सीझन रेंगाळतात, करेल गेल्यावर तर उघडच, पण तोवर ती मंडळी ओळखीची झालेली असतात आणि ओळखीच्यांचं रेंगाळणं चालवून घेतलं जातं. दोन्ही बघणारच असाल तर ब्रिटिश आधी बघा. उलट क्रमानं गेलेल्यांना टिममध्ये जिम शोधायची सवय लागते आणि तो सापडत नाही म्हणून ते नाराज होतात.

आणि दुसऱ्याची फजिती बघताना उशीत तोंड खुपसणाऱ्यांपैकी असाल तर? मग दोन्ही राहू द्या आणि चॅनल फोरचं ‘द आयटी क्राउड’ घ्या. 2006 मधल्या पहिल्या सीझनचा दुसरा भाग लावा. तिथेही बाहेरून एक तज्ज्ञ येतो, ताणतणाव कमी करण्यासाठी, आणि संध्याकाळपर्यंत ज्याचा ताण उतरणार नाही त्याला नोकरीवरून काढण्यात येईल, असं कंपनीचा मालक जाहीर करतो. तळघरात आग लागलेली असताना मॉस हा संगणकवाला अग्निशमन दलाला ईमेल लिहायला बसतो आणि मायना फार औपचारिक झाला म्हणून खोडून पुन्हा लिहितो. तिथे कुणाचीही कीव करावी लागत नाही. प्रेक्षक मनसोक्त हसतायत, तुम्हीही हसा. कार्यालयापेक्षा सचिवालय जवळचं वाटत असेल तर ‘येस मिनिस्टर’मधला 1981 चा तो भाग बघा, ज्यात एक इस्पितळ उत्तम चाललेलं असतं, कर्मचारी पाचशेवर, पेशंट एकही नाही.

ब्रिटिश ‘ऑफिस’ निवडलंत तर एकच विनंती. दोन सीझनचे 12 भाग संपले की मालिका संपली असं समजून थांबू नका. काही ठिकाणी 2003 चे नाताळचे दोन भाग वेगळे ठेवलेले असतात, ते शोधून काढा. टिम, डॉन आणि ब्रेंट या तिघांचंही काय होतं ते तिथे आहे, आणि ‘ट्रेनिंग’मध्ये टिमला न मिळालेल्या उत्तराचा हिशेबही.